माघारी न दिलेलं पाणी

इंद्रभान मिस्त्रीनं सांधलेली मोट गळते असं कुणी म्हटलं, तर म्हणणाऱ्याच्या डोक्यालाच भोक पडलं असेल, असं जऊळक्यात लोक थट्टेनं म्हणत. थट्टा असली तरी इंद्रभानला ती गोड लागायची. माणसाला कशाचा तरी ताठा असावा लागतो. याला आपल्या हाताचा होता.

स्टेशनच्या मालधक्क्यामागे त्याचं पत्र्याचं छप्पर होतं. आत मोडके लोखंडी नांगर, फण मोडलेल्या पेरणीच्या पाभरी, चाकं, तराजू, पुढच्या अंगणात फुटक्या मोटा. जुनं विकत घ्यायचं, दुरुस्त करून बागवानांना विकायचं, हा त्याचा धंदा. अकोल्याच्या जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली राबून तो हे शिकला होता. युद्धाचं तिसरं वर्ष सुरू होतं. नवा पत्रा डोळ्यांना दिसत नव्हता, आणि कालपर्यंत त्याला भंगारवाला म्हणून हिणवणारे आता छपराखाली येऊन अदबीनं बसत. इंद्रभान त्यांना ऐकवायची संधी सोडत नसे. “मोडलं मोडलं म्हनून फेकता, त्यातलं अर्धं तुमच्या आळसानं मोडलेलं असते!”

मोट दुरुस्त करायची त्याची रीत ठरलेली होती. गंज खरवडायचा, पत्र्याचं ठिगळ रिबिटांनी ठोकायचं, पाणी ओतायची चामड्याची सोंड नवी लावायची. मग मोट तीन लाकडांच्या तिकटीवर टांगून काठोकाठ भरायची आणि खाली चुलीतली कोरडी राख पसरायची. एक थेंब जरी गळला तरी राखेत खळगा पडतो. सकाळी राख होती तशी गुळगुळीत दिसली, तरच ती मोट अंगणाबाहेर जाई.

बागवानांचीही एक रीत होती. मोट विहिरीवरून कायमची हलायची झाली, की घरच्या बाईनं तिच्यातून शेवटचं पाणी काढायचं आणि ते त्याच विहिरीत माघारी ओतायचं. ज्या विहिरीचं पाणी तिलाच. ते केल्याशिवाय मोट विकायची नाही आणि घ्यायचीही नाही. इंद्रभान या सोपस्काराला मनातून हसायचा. बाया सावकाश हळदीकुंकू वाहतात, तोवर बैल जुंपलेले, ऊन डोक्यावर. तरी तो थांबायचा. गिऱ्हाइकाचं मन मोडून धंदा होत नाही.

रिसोडच्या वाटेवरच्या एका गावाला लागून दौलतरावांची वाडी होती. तिथून त्यानं माघात एक मोट आणली, तेव्हा मात्र थांबावं लागलं नव्हतं. कारण थांबायला विहीरच नव्हती. विहिरीच्या जागी काळ्या मातीचा ताजा उंचवटा होता, आणि त्यावर वाळ्याची उपटलेली बेटं मुळं वर करून सुकत पडली होती.

“आटली लेकाची,” दौलतराव म्हणाले होते. “दोन सालं झाले, थेंब नाई. जनावर पडंल म्हनून बुजवून टाकली.”

दौलतराव मोठे मऊ बोलायचे. पांढरं धोतर, अंगात कोट आणि बगलेत काळी छत्री. ऊन असो की आभाळ, छत्री बगलेतच. ती उघडलेली कुणी पाहिली नव्हती. बाग धाकट्या भावाची होती; तो वारल्यावर त्याची बायको चतुराबाई ती पाहायची. आता ती माहेरी गेली, बाग पाहायला कुणी उरलं नाही, असंही त्यांनी न विचारता सांगितलं. त्यांच्या घरी झाडलोट करणारी हिरीबाई थोड्या अंतरावर उभी होती. तिच्या पदरात वाळ्याच्या मुळ्या होत्या. वेळ वाचला म्हणून खूश होऊन इंद्रभाननं मोट छकड्यात टाकली आणि बैल हाकले.

अंगणात आणून त्यानं ती दुरुस्त केली, भरून टांगली, खाली राख पसरली. सकाळी राखेवर डाग नव्हता. पण पाण्याला वाळ्याचा वास येत होता, उन्हाळ्यात नव्या माठाला येतो तसा गार, सुखाचा वास.

“तू वाळा टाकला काय ह्याच्यात?” त्यानं बायकोला विचारलं.

“मी कायले टाकू?” आवडाबाई म्हणाली. “वाळा काय उतू चालला आपल्या घरी?”

गोष्ट तिथेच संपली. मोट रामकिसन बागवानाला विकली गेली. त्याचा मळा गावाबाहेरच, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर होता.

होळी झाली आणि रामकिसन मोट घेऊन परत आला. छपराखाली चारचौघं बसलेली असताना त्यानं ती अंगणात उतरवली.

“मिस्त्री, ही मोट परत घ्या.”

इंद्रभानच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्याच्या हातची मोट आजवर कुणी परत आणली नव्हती. “काहून? गळते?”

“गळत नाई.”

“सोंड फाटली?”

“नाई.”

“मंग तिले झालं काय?”

रामकिसन गरीब स्वभावाचा, जमिनीकडे बघून बोलणारा माणूस. “पानी आमचं येत नाई,” तो म्हणाला. “माह्या इहिरीचं पानी मचूळ. साऱ्या गावाले ठाऊक हाये. ह्या मोटेतून गोड येते.”

बसलेले हसले. इंद्रभान हसला नाही. “गोड पानी आलं म्हनून बोंबलत आला? नाचता येईना तर अंगन वाकडं तरी म्हन बाबा, अंगन सरळ हाये म्हनून रडनारा तूच पाह्यला!”

“पान्यात दिसते,” रामकिसन म्हणाला.

“काय दिसते?”

“तुमी येऊन पाहा.” एवढं बोलून तो मोट तिथेच ठेवून निघून गेला.

चार दिवसांत ही गोष्ट हातपाय फुटून गावभर झाली. मिस्त्रीची मोट बाधलेली आहे. मिस्त्री कुठून कुठून सामान आणतो, कुणाचं मेल्याचं, कुणाचं चोरीचं. ज्यानं पाभर ठरवली होती त्यानं निरोप धाडला की सध्या राहू द्या. दुसऱ्यानं नेलेलं चाक रात्रीतून अंगणात आणून टेकवलं. इंद्रभानचा संताप अनावर झाला. एक सांधा चुकला असता तर त्यानं कान धरले असते. पण चूक नाही, गळती नाही, आणि उभ्या आयुष्याचं नाव मातीत! त्यानं मोट खांद्यावर टाकली आणि भर दुपारी रामकिसनचा मळा गाठला.

रामकिसनची बायको अंजना वांग्याच्या वाफ्यात होती. वांगी अशी तरारली होती की त्या मचूळ विहिरीवर पिकली म्हणून कुणी मानलं नसतं. मोट बघताच ती विळा हातात घेऊन बांधावर जाऊन उभी राहिली.

इंद्रभाननं आधी बादली सोडली. पाणी गढूळ, जिभेवर मचूळ. मग मोट जुंपायला लावली. बैल विहिरीपुढच्या उतरत्या धावेवरून उतरले, नाडा करकरला, मोट वर आली. सोंडेची दोरी सैल न करता त्यानं ती तशीच काठावर धरायला लावली आणि ओंजळ भरून तोंडात घेतली. पाणी गोड होतं. गार होतं. वाळ्याचा वास होता.

त्यानं मोट रिकामी केली, आतून राखेनं घासली, सोंडेत हात घालून पाहिला. कुठे मुळी नाही, काडी नाही. पुन्हा भरली. पुन्हा तेच.

“आता आत पाहा,” रामकिसन लांबूनच म्हणाला.

इंद्रभान वाकला. वर मोटेचं चाक होतं, त्याच्यावर कडुनिंबाची फांदी, मागे लख्ख आभाळ. पाण्यात यातलं काहीच नव्हतं. पाण्यात काळोख होता आणि काळोखाच्या मधोमध उजेडाचा एक लहान गोल, ताटलीएवढा. त्यानं मोट हलवली. पाणी हललं, गोल जागच्या जागी राहिला. आपलं तोंडही त्याला दिसलं नाही.

“पह्यले नुसता उजेड दिसायचा,” अंजना बांधावरून म्हणाली. “मंग त्याच्या काठी कोनी येऊन उभं राह्यलं. आता वाकून पाहते.”

आणि त्याला दिसलं. उजेडाच्या काठावरून एक माणूस खाली वाकला होता. चेहरा कळत नव्हता, उजेड त्याच्या पाठीमागून येत होता. हे आपण वरून खाली बघत नाही, हे इंद्रभानच्या ध्यानात आलं. हे खोल विहिरीच्या तळातून वर पाहिल्यासारखं आहे.

त्या माणसाच्या बगलेत काहीतरी काळं, लांबट होतं. त्या लांबट वस्तूला वाकडी मूठ होती.

माणसानं दुसरा हात हलवला. काहीतरी खाली आलं. इंद्रभान झटक्यात मागे सरकला आणि मग स्वतःवरच चिडला. पाणी ओतून पाहिलं तेव्हा मोटेच्या तळाशी चिमूटभर काळी माती होती. रामकिसनच्या मळ्याची माती तांबूस होती.

भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या वर संताप चढला. त्याला कुणीतरी खोटं सांगून माल विकला होता. विहीर आटली म्हणे! हे पाणी आटलेल्या विहिरीचं आहे?

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यानं मोट रामकिसनच्या विहिरीवर काठोकाठ भरली, सोंड वर बांधली, ओलं पोतं झाकून छकड्यात घट्ट बसवली. आवडाबाई आडवी आली.

“दौलतराव मोठे लोक हायेत. त्यायच्या दारात जाऊन भांडान काय?”

“भांडाले नाई चाललो. मोट माही हाये, बदनामी माही होऊन राह्यली. ज्याचं पानी त्याच्या दारात नेऊन विचारतो.”

मालेगावात मुक्काम करून तो दुसऱ्या दिवशी वाडीवर पोचला. एवढ्या खडबडीत वाटेनं येऊनही छकड्याची फळी कोरडी होती. त्याही स्थितीत त्यानं ती हात फिरवून पाहिली आणि त्याला बरं वाटलं.

दौलतरावांनी त्याला ओसरीवर बसवलं. छत्री खुंटीला टांगली, सुपारी पुढे केली. शेतावर जाणारी माणसं छकड्यातली मोट पाहून थबकली. थोड्या वेळानं अंगणात बरीच गर्दी झाली.

“विहीर आटली म्हनाले होते तुमी,” इंद्रभान म्हणाला.

“आटलीच होती.”

“मंग ह्या मोटेले वाळ्याचं पानी कुठून येते?”

दौलतराव हसले. “मिस्त्री, उन्हानं डोकं फिरलं काय तुमचं? तुमी भरून आनलं, तुमीच सांगा कुठून आनलं.”

“चाखून पाहा.”

कुणी पुढे होईना. शेवटी एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं बोट बुडवून जिभेला लावलं. त्याचे डोळे भरून आले. “चतुराबाईच्या इहिरीचं हाये,” तो म्हणाला. “सारा गाव उन्हाळाभर हेच पानी प्यायचा.”

“मंग आटली कवा?” इंद्रभाननं विचारलं.

म्हाताऱ्यानं दौलतरावांकडे पाहिलं आणि तो गर्दीत मागे सरकला.

“माहेर कुठलं होतं त्या बाईचं?” इंद्रभाननं गर्दीला विचारलं. “कोनं पोचवलं तिले? कोनाच्या गाडीत गेली?”

कुणाला माहीत नव्हतं. एवढं मोठं गाव; कुणाच्या म्हशीला काय झालं ते दुसऱ्या आळीला कळतं, आणि एक जिती बाई गावातून गेली ती कुठल्या वाटेनं गेली हे कुणाला माहीत नव्हतं! जो तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. इंद्रभानला त्या क्षणी दौलतरावांपेक्षा या लोकांचा राग आला. तिचं पाणी यांच्या पोटात होतं.

“पाहा,” तो ओरडला. “एकेक जन येऊन मोटेत पाहा!”

ते आले. एकेक वाकला आणि एकेक मागे झाला. एका बाईनं पदर तोंडात धरला.

मग दौलतराव स्वतः ओसरीवरून उतरले. सावकाश चालत आले, मोटेच्या कडेला दोन्ही हात टेकून वाकले आणि मोठ्यानं हसले. “अरे, हा तर मीच! मी वाकलो तर मीच दिसीन, दुसरं कोन दिसनार?”

गर्दीतले दोघेचौघे सुटल्यासारखे हसले.

“तुमीच हायेत ते,” इंद्रभान म्हणाला. “पन छत्री?”

दौलतरावांनी पुन्हा पाण्यात पाहिलं. पाण्यातल्या माणसाच्या बगलेत छत्री होती. त्यांचे दोन्ही हात मोटेच्या कडेवर होते. छत्री मागे ओसरीवर खुंटीला टांगलेली होती, आणि गर्दीतलं प्रत्येक डोकं वळून तिच्याकडे पाहत होतं.

कुणी हसलं नाही.

“कुदळ आना,” इंद्रभान म्हणाला. “बुजवलेली इहीर उकरा. आत्ताच्या आत्ता.”

एकही माणूस हलला नाही. गावचा पाटील दौलतरावांचा साडू होता, तो गर्दीतच उभा होता. त्यानं सांगितलं, सरकारी हुकमाशिवाय कुणी मातीला हात लावायचा नाही. अन्याय बघायला अख्खा गाव आला होता. कुदळ धरायला एक हात नव्हता. इंद्रभाननं रागारागानं स्वतःची कुदळ काढायला छकड्यात हात घातला, तर पाटलाच्या माणसांनी त्याचे दंड धरले.

तेव्हा हिरीबाई पुढे आली. केरसुणी अजून हातातच होती. “त्याले सोडा,” ती पाटलाच्या माणसांना म्हणाली, आणि मग इंद्रभानला, “मिस्त्रीदादा, हुकूम खनाले लागते. पानी ओताले कोनाचा हुकूम लागते? मोट गेली तवा पानी माघारी दिलं नव्हतं. ते तरी द्या.”

पाटलानं हातानंच आपल्या माणसांना मागे सारलं. रीत होती ती.

इंद्रभाननं छकडा उंचवट्यापाशी नेला. गर्दी मागोमाग आली, दौलतरावही आले. या सोपस्काराला तो आयुष्यभर हसत आला होता. आज त्यानं वहाणा काढल्या. हिरीबाईनं सोंडेला हळदीकुंकवाची बोटं लावली. त्यानं सोंडेची गाठ सोडली.

पाणी मातीवर पडलं. माती ते पिऊन टाकत होती. ओघळ एकाही बाजूला गेला नाही. शेवटची धार संपली आणि मोट निथळली.

सगळे उभे होते.

मग खालून आवाज आला. पाण्यात पाणी पडल्याचा. खोल, मोकळा, विहिरीत घुमतो तसा. दगडमातीनं गच्च भरलेल्या जमिनीखालून.

बराच वेळ येत राहिला.

इंद्रभाननं मोटेत पाहिलं. ठिगळ, रिबिटं, ओला पत्रा. आणखी काही नाही.

दौलतराव आपला खांदा झटकत होते. कोटावर चिमूटभर काळी माती होती. त्यांनी वर पाहिलं. वर झाड नव्हतं, पाखरू नव्हतं, स्वच्छ आभाळ होतं. त्यांनी पुन्हा खांदा झटकला. मग टोपी झटकली.

“छत्री आन,” ते गड्याला म्हणाले. आवाज तसाच मऊ होता.

त्यांनी छत्री उघडली. गावानं ती उघडलेली पहिल्यांदाच पाहिली. थोडा वेळ काही झालं नाही. मग ताणलेल्या कापडावर ढेकळं फुटून पडावीत तसा बारीक आवाज आला आणि थांबला. पुन्हा आला.

इंद्रभाननं छकडा जुंपला आणि तो निघाला.

ती मोट रामकिसननं परत नेली. इंद्रभाननं ती सगळ्यांच्या देखत पुन्हा राखेवर टांगून दाखवली होती. महिन्याभरानं रामकिसन कुरकुरत आला, “मिस्त्री, पानी पुन्हा मचूळ येऊन राह्यलं जी!” इंद्रभाननं त्याला हातातला हातोडा दाखवला, आणि छपराखालचे सगळे खूप दिवसांनी हसले. लोक परत आले. पाभर गेली, चाकं गेली. त्याचं नाव पहिल्यासारखं झालं. विहीर मात्र कुणी उकरली नाही. त्यानं वाशीमला अर्ज दिला, पुन्हा दिला. चौकशी होईल असं उत्तर आलं आणि चौकशी झाली नाही. ते आठवलं की त्याचा हातोडा उगाच जोरात पडायचा.

दिवाळीच्या सुमाराला हिरीबाई स्टेशनवर भेटली. लेकीकडे चालली होती. बोचक्याला वाळ्याच्या मुळ्या बांधल्या होत्या.

“दौलतराव कसे हायेत?” त्यानं विचारलं.

“घराबाहेर येत नाईत. घरातही छत्री उघडीच असते. निजतात ते छत्रीखाली.”

“आनि तू?”

“मी काय? रोज सकाळी त्यायच्या अंथरुनाभवतालची माती झाडतो.” गाडी येताना दिसली तशी तिनं बोचकं उचललं. “ओली असते. पह्यले चिमूटभर असायची, दादा. आता टोपलं लागते.”